हवेची मर्यादा फुफ्फुसाने ठरवायची की ताळेबंदाने?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



आजच्या विषयाची सूचना लागली तेव्हा बऱ्याच शाखांतून एकच विचारणा झाली. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, कंत्राटी पद्धत वाढते आहे, पेन्शनचा प्रश्न लोंबकळतो आहे. अशा वेळी युनियनने हवेच्या प्रदूषणावर वेळ कशाला घालवायचा? विचारणा रास्त आहे. तिला उत्तर देऊनच पुढे जाऊ.

आपल्यापैकी फार मोठ्या संख्येची नोकरी उघड्यावरची आहे. गँगमन, ज्याला आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर म्हणतात, तो ऊन-पावसात रुळाच्या कडेने चालतो. पोस्टमन भर रहदारीतून सायकल किंवा मोटारसायकल हाकतो. आर.एम.एस.चे साथी फलाटावर पिशव्या उतरवतात. माल धक्क्यावर कोळशाची, सिमेंटची, खताची रेक खाली होते तेव्हा तिथला पॉइंट्समन आणि गुड्स क्लार्क त्या धुळीतच उभा असतो. अंगमेहनत करणारा माणूस खुर्चीत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. म्हणजे हवा तीच असली तरी तिच्यातले विष आपल्या वाट्याला जास्त येते. म्हणून हवेत किती विष चालेल याची कायदेशीर मर्यादा हा आपल्या कामाच्या अटींचाच भाग आहे. कामाचे तास जसे आपल्या अपरोक्ष वाढवलेले आपण चालवून घेत नाही, तशी ही मर्यादाही आपल्या अपरोक्ष सैल होऊ देता कामा नये.

ती कोण ठरवतो, ठरल्यावर ती सैल कोण करून घेतो आणि कोणत्या युक्तीने, एवढेच आज समजून घ्यायचे आहे.

कॉशन ऑर्डर आणि काटा

दोन्ही खात्यांतल्या साथींना कळेल अशा उदाहरणाने सुरुवात करू.

पुलाचा गर्डर कमजोर झाला की इंजिनीयरिंग खाते वेगमर्यादा लावते आणि ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर पडते. समजा ताशी २० किलोमीटर. त्यामुळे गाड्यांना उशीर होतो, ऑपरेटिंग खात्याची ओढाताण होते. मग पुलाची दुरुस्ती लवकर करा, जादा माणसे लावा, वेळापत्रक बदला, हे सगळे बोलता येते. परंतु गाडीला उशीर होतो म्हणून २० ऐवजी ६० लिहा, असे कोणी म्हणत नाही. कारण २० हा आकडा पुलाच्या ताकदीवरून आला आहे, गाडीच्या घाईवरून नाही.

टपाल खात्यातही तेच. पार्सल काट्यावर ठेवले की वजन भरते तेवढे भरते. पाठवणारा गरीब असेल, संस्था धर्मादाय असेल, तर दरात सवलत द्यावी. काटा मात्र कोणी फिरवत नाही.

आरोग्याची मर्यादा ही अशीच गोष्ट आहे. किती विषाने माणूस आजारी पडतो याचे उत्तर शरीराकडून यायचे असते. ती गाठायची कशी, किती वर्षांत, खर्च कोणी सोसायचा, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्यावर वाटाघाटी होऊ शकतात. उद्योगांची सगळी धडपड हे दोन प्रश्न एकत्र कालवण्याची असते. खर्च परवडत नाही असे सरळ म्हणण्याऐवजी, तेवढ्याने काही होतच नाही, असे म्हणायचे. म्हणजे वेग कमी करायचा नाही आणि गर्डर मजबूत आहे असा दाखला मिळवायचा.

अमेरिकेतला धडा

हा खेळ सर्वात उघडपणे अमेरिकेत खेळला गेला, म्हणून आधी तिकडचे पाहू.

१९९३ च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८,१११ प्रौढ माणसांवर १४ ते १६ वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. वय, सिगारेट, व्यवसाय या सगळ्याचा हिशेब वजा केल्यानंतरही सर्वात घाण हवेच्या शहरातला मृत्युदर सर्वात स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. घाण हवेचे शहर होते ओहायो राज्यातले स्टूबेनव्हिल, पोलाद कारखान्यांचे गाव. मारणारी गोष्ट डोळ्यांना दिसणारी धूळ नव्हती. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, ज्यांना पी.एम. २.५ म्हणतात, ते नाकात अडकत नाहीत. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांचे दुष्परिणाम हृदयापर्यंत पोचतात.

या व अशा इतर अभ्यासांच्या आधारे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ च्या जुलैत या बारीक कणांवर प्रथमच मर्यादा घातली: वर्षाची सरासरी दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम. त्याबरोबर तेल, मोटार, पोलाद, वीज आणि ट्रक वाहतूक या धंद्यांची फळी उभी राहिली. तिच्या अग्रभागी तिकडच्या कारखानदारांची राष्ट्रीय संघटना होती. त्यांनी तीन गोष्टी केल्या आणि त्या नीट लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, सामान्य माणसाला घाबरवले. नवी मर्यादा आली तर घराच्या अंगणात शेगडी पेटवता येणार नाही, गवत कापायचे यंत्र चालवता येणार नाही, असा प्रचार झाला. कारखान्याच्या चिमणीवरची मर्यादा लोकांना आपल्या चुलीवर आलेली वाटली पाहिजे, हा त्यातला हेतू.

दुसरी, संशोधनावर संशय घेतला. अभ्यासातल्या हजारो माणसांची वैयक्तिक वैद्यकीय माहिती आमच्या हाती द्या, नाहीतर हे शास्त्र लपवाछपवीचे आहे, असा गवगवा केला. त्या माणसांना माहिती गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले होते. अखेर सगळी सामग्री एका तिसऱ्या संशोधन संस्थेकडे फेरतपासणीसाठी सोपवण्यात आली. तिच्या खर्चात सरकार आणि मोटार उद्योग दोघांचाही वाटा होता. २००० साली तिचा अहवाल आला आणि मूळ निष्कर्ष कायम राहिला.

तिसरी, कोर्टात गेले. मर्यादा ठरवताना उद्योगाचा खर्च विचारात घेतलाच पाहिजे, अशी मागणी ट्रक वाहतूकदारांच्या संघटनेने केली. २७ फेब्रुवारी २००१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला: कायद्याप्रमाणे मर्यादा ठरवताना फक्त लोकांचे आरोग्य पाहायचे, खर्च पाहायचा नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया कामगारांच्या बाजूचे म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत. तरीही कायद्याची भाषा इतकी स्वच्छ होती की दुसरा निकाल देता आला नाही.

मग उद्योग बुडाले का? १९७० ते २०२० या काळात अमेरिकेतल्या सहा प्रमुख प्रदूषकांचे एकूण उत्सर्जन ७८ टक्क्यांनी घटले आणि त्याच काळात तिथली अर्थव्यवस्था कितीतरी पट वाढली. मर्यादाही कडक होत गेली. २०१२ साली ती १२ वर आली, २०२४ साली ९ वर. आणि २०२४ साली पुन्हा तेच झाले. कारखानदारांची राष्ट्रीय संघटना, व्यापाऱ्यांचे चेंबर आणि २४ राज्यांची सरकारे कोर्टात गेली. २०२५ च्या मार्चमध्ये तर खुद्द पर्यावरण संस्थेनेच या मर्यादेचा फेरविचार करण्याचे जाहीर केले. जिंकलेली मर्यादा राखायची तर दर पिढीला पुन्हा लढावे लागते, हा यातला धडा आहे.

रेल्वे कामगारांच्या छातीतला पुरावा

या सगळ्यात रेल्वे कामगार कुठे आहे? तो पुराव्यातच आहे.

डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो की नाही हा वाद बरीच वर्षे चालला. तो निकालात काढणाऱ्या प्रमुख अभ्यासांपैकी एक अमेरिकेतील रेल्वे कामगारांचा आहे. सुमारे ५५,००० रेल्वे कामगारांची १९५९ ते १९९६ पर्यंतची मृत्यूची नोंद तपासली गेली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष गाडीवर काम करणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, धुराशी संबंध न येणाऱ्या रेल्वे कामगारांपेक्षा ४० टक्के जास्त होते. २०१२ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. त्याच वर्षी खाण कामगारांचाही मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रसिद्धीपूर्वी अनेक वर्षे खाणमालकांनी कोर्टकचेऱ्या करून ठेवल्या होत्या.

म्हणजे जगाला जे ज्ञान मिळाले त्याची किंमत ड्रायव्हर, गार्ड आणि खाण कामगारांनी आपल्या छातीने मोजली. त्या ज्ञानावर उभी राहिलेली मर्यादा दुसऱ्या कोणी परस्पर सैल करावी, हे आपल्याला मान्य होण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे आता डिझेल इंजिने राहिलीत किती? खरे आहे. ब्रॉडगेजचे जवळजवळ पूर्ण विद्युतीकरण झाले आहे. पण ज्या विजेवर आपली गाडी धावते तिचा बहुतांश भाग अजून कोळशाच्या केंद्रांतून येतो, आणि तो कोळसाही आपणच वाहून नेतो. रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो. इंजिनावरचा धूर उठून वीज केंद्राच्या चिमणीवर गेला, एवढाच फरक. म्हणून आता त्या चिमणीकडे पाहू.

आपल्याकडची दहा वर्षे

कोळसा जळाला की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. २०१५ पर्यंत आपल्या देशात वीज केंद्रांच्या चिमणीतून हा वायू किती सोडायचा यावर आकड्याची मर्यादाच नव्हती. नियम एवढाच होता की चिमणी उंच बांधा, मोठ्या संचांना २७५ मीटर. घाण कमी करायची नाही, ती लांब पाठवायची, असा त्याचा अर्थ.

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि राख, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड व पारा या चारींवर मर्यादा घातल्या. जुन्या मोठ्या संचांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दर घनमीटर धुरात २०० मिलिग्रॅम, लहान संचांना ६००, आणि २०१७ नंतर उभ्या राहणाऱ्या संचांना १००. त्यासाठी धूर चुनखडीच्या पाण्याने धुऊन गंधक काढण्याची यंत्रणा बसवावी लागते. तिला एफ.जी.डी. म्हणतात. मुदत दोन वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०१७.

पुढे काय झाले ते तारखांनीच ऐका.

डिसेंबर २०१७: मुदत संपली आणि ती टप्प्याटप्प्याने २०२२ पर्यंत वाढवली गेली.

ऑक्टोबर २०२०: २००४ ते २०१६ या काळातल्या संचांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३०० वरून ४५० केली गेली. म्हणजे दीडपट.

मार्च २०२१ अखेर: केंद्रांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले गेले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतले ते अ. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळचे ते ब. बाकी सगळे क. मुदती २०२२, २०२३ आणि २०२४ अखेरपर्यंत. मुदत मोडली तर दंड अ वर्गाला दर युनिटला जास्तीत जास्त २० पैसे, क वर्गाला जास्तीत जास्त १० पैसे.

सप्टेंबर २०२२: सल्फर डायऑक्साइडसाठी आणखी दोन वर्षे.

३० डिसेंबर २०२४: आणखी तीन वर्षे. अ वर्गाची मुदत संपायला एक दिवस उरला होता.

११ जुलै २०२५: क वर्गाला, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट. ब वर्गाचा निर्णय एकेका केंद्रापुरता तज्ज्ञ समिती करणार. सक्ती उरली ती फक्त अ वर्गावर, आणि तीही २०२७ अखेर.

चक्र पुरे झाले. २०१५ च्या आधी नियम होता: चिमणी उंच बांधा. दहा वर्षांनी चार पंचमांश संचांना तोच नियम परत मिळाला.

या दहा वर्षांत मुदतवाढ मागणाऱ्यांत खाजगी वीज उत्पादकांची संघटना होती, तसेच खुद्द केंद्रीय वीज मंत्रालय आणि केंद्रीय वीज प्राधिकरणही होते. म्हणजे आपल्याकडे लॉबी दाराबाहेर फाईल घेऊन उभी राहते असेच नाही. एक मंत्रालय दुसऱ्या मंत्रालयाकडे तिची फाईल घेऊन जाते. हे आपण उघडपणे बोलले पाहिजे. सार्वजनिक क्षेत्राचे आपण समर्थक आहोत म्हणून सार्वजनिक केंद्रांच्या चिमण्यांकडे डोळेझाक करावी, असे नव्हे. एन.टी.पी.सी.ने बऱ्याच संचांसाठी ठेके दिले, काही ठिकाणी यंत्रणा उभ्याही केल्या, हेही नमूद केले पाहिजे. परंतु देशभराचा हिशेब घेतला तर २०२५ च्या जुलैपर्यंत ठरलेल्या संचांपैकी दहा टक्क्यांवरही यंत्रणा उभी नव्हती.

त्यांचे म्हणणे काय

समोरच्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय वाटाघाटीला बसू नये, ही आपली शिस्त आहे. म्हणून सरकारची आणि उद्योगाची बाजू प्रामाणिकपणे मांडू.

एक, भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. दोन, शहरांतल्या हवेत सल्फर डायऑक्साइड मोजला तर तो राष्ट्रीय मानकाच्या आतच भरतो. यासाठी नागपूरची नीरी, बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि दिल्लीची आय.आय.टी. यांच्या अभ्यासांचा दाखला दिला गेला. तीन, एफ.जी.डी.साठी चुनखडी खणावी लागते, पाणी लागते, वीजही खर्ची पडते. चार, खर्च सुमारे अडीच लाख कोटी रुपये आणि त्यामुळे वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागेल.

यातले पहिले खरे आहे. पण कोळशाची प्रत कमी असल्याने एका युनिट विजेला तो जास्त जाळावा लागतो आणि आपण तो प्रचंड प्रमाणात जाळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रहांवर आधारित अभ्यासात दिसले की २००७ पासून चीनचे सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटले आणि भारताचे ५० टक्क्यांनी वाढले. चीनने कोळसा जाळणे थांबवले नव्हते. त्याने चिमण्यांना यंत्रणा लावल्या आणि नियम पाळायला लावला.

दुसरा मुद्दा सर्वात फसवा आहे. हा वायू हवेत वायूच्या रूपात कायम राहत नाही. तासा-दिवसांत त्याचे सल्फेट होते, आणि सल्फेट म्हणजे तेच बारीक कण, पी.एम. २.५, ज्यांनी स्टूबेनव्हिलची माणसे मारली. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. चिमणीजवळ वायू मोजायचा आणि कमी भरला म्हणून समाधान मानायचे, हे म्हणजे पार्सल उघडून सामान दुसऱ्या पिशवीत भरायचे आणि रिकामी पिशवी काट्यावर ठेवायची. बारीक कणांत सल्फेटचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत आकड्यांचा वाद आहे. वायूपासून सल्फेट होते आणि ते लांब जाते, यावर वाद नाही. मग दहा किलोमीटरचे वर्तुळ कशाच्या आधारावर? चिमणीतून निघालेला धूर किलोमीटरचा दगड वाचून थांबत नाही. वर्तुळाबाहेरच्या गावातला ग्रामीण डाक सेवक आणि गेटमन यांची फुफ्फुसे शहरातल्या माणसापेक्षा मजबूत असतात, असे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेले नाही.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. चुनखडी, पाणी, वीज यांचा भार खरा आहे. पण तो यंत्रणा कोणती निवडायची आणि कोणते जुने संच आधी बंद करायचे या निर्णयाचा भाग आहे. त्यावरून मर्यादाच रद्द करता येत नाही.

पैशाचा प्रश्न

आता चौथा मुद्दा, जो आपल्या घरातल्या वीज बिलापर्यंत येतो.

२०१८ च्या मे महिन्यात वीज मंत्रालयाने यंत्रणेचा खर्च वीजदरातून वसूल करण्याचा मार्ग मोकळा करून दिला होता. म्हणजे कंपनी बुडेल हे म्हणणे टिकत नाही. बोजा ग्राहकावर येणार होता. तो सगळाच ग्राहकावर का, हा आपला प्रश्न असला पाहिजे. दुसरे असे की उद्योगाच्या हिशेबाने नियम पाळायचा खर्च युनिटमागे २५ ते ३० पैसे आणि मोडायचा दंड जास्तीत जास्त २०. बिनातिकीट प्रवासाचा दंड तिकिटापेक्षा कमी ठेवला तर तिकीट कोण काढील?

आणि दुसऱ्या बाजूचा खर्च? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२० च्या डिसेंबरात लॅन्सेटच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात देशात प्रदूषित हवेमुळे झालेले मृत्यू १६ लाख ७० हजार, एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के. आजारपण आणि अकाली मृत्यूने झालेले उत्पन्नाचे नुकसान सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये. यात चुलीचा धूर, वाहने, कारखाने सगळे आले. सगळा दोष वीज केंद्रांचा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण यंत्रणेचा खर्च एकदाचा आहे आणि हे नुकसान दरवर्षीचे. पहिला आकडा कंपनीच्या ताळेबंदात दिसतो. दुसरा आपल्या रजेच्या अर्जात, औषधाच्या बिलात आणि मुदतीआधी निघालेल्या फॅमिली पेन्शनच्या कागदात विखुरलेला असतो, म्हणून तो कोणी मोजत नाही. मृत्यूंचा विषय संसदेत निघाला की सरकारकडून वारंवार एकच उत्तर येते: केवळ प्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचा निर्णायक पुरावा नाही. अमेरिकेतले कारखानदार १९९७ साली काही वेगळे बोलत नव्हते.

डहाणूचे उदाहरण

हे होणारच नाही, जमणारच नाही, असे सांगणाऱ्यांना पश्चिम रेल्वेच्या कोणत्याही साथीने डहाणू दाखवावे.

डहाणू तालुका चिकूच्या वाड्यांचा आणि आदिवासी पाड्यांचा. तिथे ५०० मेगावॉटचे कोळशाचे वीज केंद्र आले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी एक प्राधिकरण नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९९ साली प्राधिकरणाने कंपनीला एफ.जी.डी. बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने वेळ काढला, गरज नाही असे म्हणून पाहिले, मधल्या काळात मालकही बदलले. प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली. स्थानिक माणसांनी पाठपुरावा सोडला नाही. २००७ साली यंत्रणा सुरू झाली, आणि तीही समुद्राच्या पाण्यावर चालणारी. मुंबईत ट्रॉम्बेला तर ती त्याआधीच बसली होती. दोन्ही केंद्रांनी वीजही दिली आणि त्या कारणाने ती बंदही पडली नाहीत.

देशाला मर्यादा ठरवायला २०१५ उजाडले. एका तालुक्याने आठ वर्षे आधी ती यंत्रणा चालू करून दाखवली होती. फरक तंत्राचा नव्हता. डहाणूत मुदत देणाऱ्याच्या मागे मुदत मोजणारी माणसे उभी होती.

आपण काय करायचे

सर्वप्रथम, वीज कामगारांशी भांडण नको. केंद्रात काम करणारा साथी त्या धुराच्या सर्वात जवळ आहे. प्रदूषणाची मर्यादा आली की नोकरी जाईल, अशी भीती त्याला घातली जाते. यंत्रणा बनवायला, बसवायला आणि चालवायला माणसे लागतात. भेलसारख्या सार्वजनिक कारखान्याला त्यातून कामे मिळाली आहेत. हे त्याच्याबरोबर बसून बोलावे लागेल. जुने संच बंद व्हायचे असतील तर तिथल्या कायम आणि कंत्राटी, दोन्ही कामगारांच्या नोकरीची हमी ही आपली मागणी राहील.

दुसरे, पर्यावरणाच्या नियमांचे मसुदे निघतात, त्यावर हरकती मागवल्या जातात. तिथे कारखानदारांच्या संघटनांचे निवेदन वेळेवर पोचते, आपले पोचत नाही. महासंघाच्या कार्यालयाने मसुद्यांवर लक्ष ठेवावे आणि शाखांनी हरकतीचे ठराव पाठवावेत. मसुदे मराठीसह सर्व भाषांत निघावेत ही मागणी लावून धरावी. देशाची २००९ ची मानके बारीक कणांसाठी वर्षाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ५ हा आकडा सुचवला. ही मानके बदलायला घेतली जातील त्या दिवशी समोरचे लोक तयारीत असतील. आपणही असलो पाहिजे.

तिसरे, आपला पुरावा आपण जमवायचा. रेल्वेत ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते. माल धक्का, यार्ड आणि ट्रॅकवरच्या कामगारांसाठी त्यात फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी घालावी आणि नोंद कामगाराच्या हातात द्यावी. उघड्यावर काम करणाऱ्या टपाल कामगारांसाठीही तीच मागणी. अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांच्या नोंदी होत्या म्हणून सत्य बाहेर आले. नोंदच नसेल तर निर्णायक पुरावा नाही हे उत्तर कायम मिळत राहील.

चौथे, आपल्या आवारातली घाण आपणच दाखवून द्यायची. कोळशाच्या साइडिंगवर पाणी मारले जाते का, रेक झाकलेली असते का, धक्क्यावर धुळीचे मोजमाप होते का, हे प्रश्न शाखेने स्थानिक प्रशासनाशी होणाऱ्या बैठकीत लावावेत. मास्क वाटून हा विषय मिटवू देऊ नये. मास्क मिळाले तर घ्यावेत, पण मागणी धूळ कमी करण्याची असावी.

साथींनो, आठ तासांचा दिवस ही सुद्धा एक मर्यादाच होती. ती आली तर धंदा बुडेल, असे तेव्हाच्या मालकांनी सांगितले होते. ती कागदावर आली तेव्हा लढा संपला नाही. ती रोज घड्याळाने मोजावी लागली. हवेच्या मर्यादेचे तसेच आहे. पुढच्या महिन्याच्या शाखा बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि चारही मुद्द्यांवर ठराव करून महासंघाकडे पाठवा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.